आलोक आला, असं मी वाचलं

त्या दिवाळीला आमच्या घरात एकवीस दिवस कांदा चिरला गेला नाही. भाजीला कांदा लागलाच तर आई विळी आणि परडी घेऊन शेजारच्या चाचीच्या अंगणात जाऊन बसायची, तिथेच चिरायची, हात दोनदा राखेनं घासायची आणि मगच घरात पाय टाकायची. बाबांनी रेडिओ माळ्यावर चढवून ठेवला, कारण दुपारच्या वेळी त्यावर रडकी गाणी लागत. पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणी गेलं तर ती बातमी आई दारातच ऐकून घ्यायची आणि सांगणाऱ्याला दारातूनच वाटेला लावायची. हा सगळा खटाटोप कुंदाताईला रडू येऊ नये म्हणून होता. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही. डॉक्टरच्या मनात आंघोळीचं पाणी असणार. पण आईनं असा हिशेब लावला की पाणी ते पाणी, बाहेरून आलं काय आन् आतून आलं काय. डॉक्टरकडे परत जाऊन नीट विचारून यावं असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टर, मास्तर आणि स्टेशनमास्तर, या तिघांना उलटून प्रश्न विचारायची आमच्या घरात रीत नव्हती.

कुंदाताई माझी आतेबहीण. आत्या वारली, यवतमाळला कुंदाताईच्या वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, तशी बाबा जाऊन तिला रायपूरला घेऊन आले. ती वीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मी सोळाची. आमचं घर खपरेलचं, म्हणजे कौलारू, भाड्याचं, तेलीबांध्याच्या तळ्याच्या अंगाला. तेव्हा तिथं शहर संपायचं आणि धानाची शेतं लागायची. बाबा रेल्वेत मालबाबू, सकाळी सायकलवर डबा बांधून निघायचे. घरामागून छोटी लाईन जायची, तिच्या इंजिनाची शिटी झाली की आई भाताला आधण ठेवायची. आता ते रूळ उखडून तिथं रुंद रस्ता केला आहे, तळ्याकाठी दिवे लागलेत, पोरंपोरी फोटो काढायला येतात. मुलाच्या गाडीतून त्या रस्त्यानं जाताना मी अजूनही पाय आखडून घेते. सून विचारते, मम्मी, काय झालं? मी म्हणते, गुडघे दुखून राहिले.

डोळ्यांचं झालं ते असं. दिवाळीआधी घराला चुना मारायचा म्हणून बाबांनी कळीचा चुना आणला होता. अंगणात पत्र्याच्या पिंपात तो टाकून वरून पाणी ओतलं की खदखदा उकळायला लागतो, आणि कोणीतरी लांब काठीनं ढवळत राहावं लागतं. हे काम दरसाल माझं. आईनं तीन हाका मारल्या. मी आतल्या खोलीत एका जासूसी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात होते, खुनी दोन पानांवर आला होता, आणि मी नुसतं ‘आली, आली’ म्हणत जागची हलले नाही. चौथ्या हाकेला कुंदाताई उठून गेली. नीळ टाकायला ती पिंपावर वाकली आणि आतला एक खडा फुटला. तिची किंकाळी ऐकून मी पुस्तक तिथंच टाकून पळाले. खुनी कोण होता ते मी आजतागायत वाचलेलं नाही.

आईनं घागरीनं पाणी मारलं, मग चाचीच्या सांगण्यावरून तूप घातलं, ज्याबद्दल डॉक्टरनं नंतर बाबांना चांगलंच फैलावर घेतलं. मला मात्र कोणी एका शब्दानं बोललं नाही. कुंदाताईनंच सगळ्यांना सांगून टाकलं, ‘मीच आपली हौसेनं गेली होती.’ बोलले असते, दोन थपडा दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. ते कोणी केलं नाही, म्हणून मी पिंपाजवळ जाऊन बसू लागले. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि त्या पिंपाकडे बघत बसायचं. त्यातला चुना थंड होऊन वर साय धरली होती. घर त्या वर्षी पांढरं झालंच नाही.

चार-पाच दिवसांनी कुंदाताईनं मला हाक मारली. ती खाटेवर उताणी, मान हलवायची नाही म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावलेल्या. म्हणाली, बेबी, माझ्या ट्रंकेत एक पुस्तक आहे, आणून ठेवलं आन् वाचायचंच राहून गेलं, ते वाचून दाखव. मी ट्रंक उघडून पुस्तक काढलं आणि माझं तोंड वाकडं झालं. गुलाबी कव्हर, दोन वेण्यांची पोट्टी, मागं झाडाला टेकवलेली सायकल. हिंदी कादंबरी, कॉलेजात पाय टाकू पाहणाऱ्या पोरापोरींसाठी लिहिलेली, नाव आठवतं पण मी लिहिणार नाही. आमच्या वर्गातल्या पोरी असली पुस्तकं भूगोलाच्या वहीत घालून एकमेकींना द्यायच्या आणि मधल्या सुट्टीत नाक ओढत बसायच्या. मला त्यांचा मनापासून वीट यायचा. मी वाचायची ते खून, दरोडे, आतून कडी लावलेल्या खोलीतली प्रेतं. कोणी कोणासाठी तळमळून राहिलं तर मला वाटायचं, बाप्पा, या पोट्टीला घरात काही काम नाही का? पण त्या खाटेसमोर उभं राहून मला नाही म्हणता येत नव्हतं. रोज दुपारी दोन तास, असं ठरलं.

गोष्ट साधीच होती. पहाडावरचं एक छोटं गाव. रजनी नावाची मुलगी बारावीला. तिच्या वर्गात आलोक नावाचा नवा मुलगा येतो. शंभर पानं होईस्तोवर नुसतं वही देणं आणि वही घेणं. मी भराभरा, सुराशिवाय वाचून काढत होते. दुसऱ्या दिवशी कुंदाताई म्हणाली, ‘बेबी, तू कादंबरी वाचून राहिली की मामांच्या मालाची यादी?’ मग मी मुद्दाम नाटकी आवाज काढला, तशी ती हसली, आणि आई धावत आली, कारण हसून डोळ्यांत पाणी येतं. आईचा या वाचनाला आधी कडक विरोध होता. आजारी माणसाला पोथी ऐकवावी, हे काय थेर. तिसऱ्या दिवशी ती सुपात तांदूळ घेऊन दारात बसली. तिला हिंदी वाचता येत नव्हतं, पण समजायचं सगळं. सहाव्या दिवशी मी शाळेतून आले तर पायातल्या चपला काढायच्या आत तिनं विचारलं, ते पोट्टं परत आलं का त्याच्या मामाकडून? त्या दिवशी तिनं गोळाभात केला होता, आणि वाचनाला उशीर नको म्हणून मला भरभर जेवायला लावलं.

माझं काय झालं ते सांगायला मला आता सत्तरीच्या उंबऱ्यावरही अवघड जातं. मला ते पुस्तक आवडू लागलं. आलोकनं वहीच्या मागच्या पानावर रजनीचं गणित सोडवून ठेवलं होतं आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं, ते वाचताना मला मध्येच थांबावं लागलं. मी खोकल्याचं नाटक केलं. जासूसी कादंबरी वाचताना मला माणसांचं काही पडलेलं नसायचं, मेला तर मेला, पुढं काय ते सांगा. इथं मात्र शाळेत बसल्याबसल्या मला वाटायचं, रजनीच्या घरच्यांनी तिचं लग्न दुसरीकडे ठरवलं हे त्या आलोकला अजून समजलं कसं नाही?

याच दिवसांत दिनेश दोनदा फाटकाशी येऊन गेला. दिनेश अभनपूरचा, घरचा धानाचा धंदा, रोज छोट्या लाईननं रायपूरला कॉलेजात यायचा आणि कुंदाताईच्या वर्गात होता. उंच, सावळा, सायकलच्या घंटीशी चाळा करत बोलायचा. पहिल्यांदा त्यानं विचारलं, दीदी कशी आहे. मी हिंदीत सांगितलं, आराम करून राहिली. ‘हव,’ म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. दुसऱ्यांदा त्यानं पेरू आणले होते. ते आईनं चाचीला देऊन टाकले. कुंदाताईला मी दोन्ही वेळा सांगितलं. ती बोटांनी चादरीची कड दुमडायला लागली. यापुढचं मला त्या वयातही उमजत होतं.

शेवटचं प्रकरण आम्ही दिवाळीच्या दोन दिवस आधी वाचलं. आई तळणाचं सामान बाजूला ठेवून दारात येऊन बसली होती. रजनी घर सोडून पहाटे स्टेशनवर येते. आलोकनं तिला तिथं भेटायचं ठरवलेलं असतं, दोघं मिळून शहराला जाणार असतात. ती बाकावर बसते. मांडीवर छोटी थैली. गाडी येते, पाच मिनिटं थांबते. मोठ्यानं वाचणाऱ्याची नजर जिभेच्या एक-दोन ओळी पुढं असते. माझी नजर पुढं गेली आणि मला दिसलं की आलोक येत नाही. गाडी निघून जाते. ऊन वर येतं. ती तशीच बसून असते, आणि दुपारी तिचा मोठा भाऊ येतो, काही न बोलता तिच्या हातातली थैली घेतो आणि पुढं चालू लागतो. पुस्तक तिथंच संपत होतं.

मी थांबले. वर पाहिलं तर कुंदाताईची हनुवटी थरथरत होती. चेहरा माझ्याकडे वळलेला, उशा कधीच सरकलेल्या, दोन पांढऱ्या पट्ट्या सरळ माझ्यावर रोखलेल्या. दारातून आई आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवून मला मान हलवून नको, नको म्हणत होती. मी पान उलटल्यासारखं केलं आणि वाचलं, ‘तभी सीढ़ियों पर किसी के दौड़ने की आवाज़ आई। रजनी ने मुड़कर देखा। आलोक था।’ मग सुचतच गेलं. त्याचा श्वास लागलेला, गार्डनं शिटी वाजवलेली, त्यानं आधी थैली आत टाकली आणि मग तिचा हात धरला. वीस-पंचवीस वाक्यं मी त्या लेखकाच्याच थाटात बोलले, नजर न हलवता, आणि ‘समाप्त’ असंही म्हटलं.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि ‘चला, झालं बाप्पा’ म्हणत तळायला गेली. कुंदाताईनं सरकलेल्या उशा चाचपून जागी ओढल्या. मग म्हणाली, ‘तेवढंच परत वाच बरं. तो येतो ते.’ माझी पाचावर धारण बसली. मी परत वाचलं, पण काही शब्द इकडचे तिकडे झाले, गार्डची शिटी आधी आली आणि जिने नंतर. तिच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चालले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की हे मी तिच्या डोळ्यांसाठी केलं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की आलोक येत नाही हे मलाच सोसवलं नाही. माझी पंधरा वर्षांची नात माझं मराठी समजते आणि हिंदीत उत्तर देते. परवा तिनं मला तिची एक इंग्रजी कादंबरी आणून दिली, अशाच वयाच्या पोरापोरींची, कव्हरही साधारण त्याच रंगाचं. म्हणाली, आजी, पढ़ो ना, आपको रोना आएगा. मी तीन दिवसांत जवळजवळ सगळी वाचली. शेवटचं प्रकरण उघडलं नाही. एंडिंग कशी वाटली म्हणून तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, छान आहे. मला कुठल्याच पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचवत नाही. मुलगा लहान होता तेव्हा त्याला गोष्ट सांगताना शेवट जवळ आला की मी म्हणायची, आता बाबांकडून ऐक.

पट्ट्या निघाल्या. उजवा डोळा चांगला होता, डाव्यात फूल पडलं होतं. त्या डोळ्यानं तिला नुसते पांढरट आकार दिसायचे, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले की लांबचं माणूस कोण ते लवकर ओळखू यायचं नाही. महिन्याच्या आत यवतमाळहून तिच्या वडिलांचं पत्र आलं. हिंगणघाटचं स्थळ, बिजवर, पहिलीचा एक मुलगा, डोळ्याचं सांगितलं तरी त्यांची ना नाही, तर मुलीला घेऊन या. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. आई म्हणाली, पोरीले विचारा तरी. बाबा म्हणाले, तिच्या बापाचं पत्र आहे, मी कोण विचारणारा? त्यांनाही ते स्थळ पसंत नव्हतं, हे त्यांच्या जेवण्यावरून दिसत होतं. कुंदाताई ‘बरं’ म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात केस वाळवत बसली होती. मी शेजारी ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होते. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, ‘बेबी, आलोक आला होता ना?’

घाटा माझ्या बोटात तसाच राहिला. तिला संशय आला, आता ती पुस्तक मागेल, आईला सांगेल, सगळ्या घरात माझा खोटेपणा उघडा पडेल, एवढीच भीती मला वाटली. ती हे का विचारते आहे, याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. असं मी म्हणते. शिवला असेल आणि मी तो झटकून टाकला असेल, तेही शक्य आहे. ‘आला म्हणजे?’ मी म्हटलं. ‘दोनदा तर वाचून दाखवलं तुले. आला होता.’

‘हव,’ ती म्हणाली. तिनं केसांची गाठ मारली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंदिरात जाते म्हणून निघाली आणि तेलीबांध्याहून छोट्या लाईनमध्ये बसून अभनपूरला गेली. दुपारी लाईनवरच्या एका ओळखीच्या गार्डनं मालधक्क्यावर येऊन बाबांच्या कानावर घातलं की बाबूजी, तुमची भाची सकाळी अभनपूरला उतरली, एकटीच होती. बाबा घरी आले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मला म्हणाले, चाल, पोरीसोबत पोरगी असलेली बरी. गाडीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. बाबांनी एकदाच विचारलं, तुले काही माहीत होतं का? मी नाही म्हटलं.

दिनेशचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. गल्लीच्या तोंडापासूनच दोन-दोन बाया दारात उभ्या राहून एकाच दिशेला बघत होत्या, त्यामुळं पत्ता विचारावा लागला नाही. घराला पुढं लांब परछी होती, म्हणजे आपली ओसरी, आणि तिथं धानाच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी खांबाला टेकून कुंदाताई बसली होती. मांडीवर छोटी थैली. जवळ ताटलीत दोन चीले, तांदळाची धिरडी, ठेवलेले, वाळून कडा वर आलेल्या, आणि पाण्याचा लोटा, भरलेला. सकाळपासून ती तिथंच होती. ते पाहून बाबा अर्धवट पळायलाच लागले. चपलांचा फटफट आवाज झाला. आणि त्या आवाजानं कुंदाताई उठून उभी राहिली.

तिला कोणीतरी उंच माणूस पळत येताना दिसला, एवढंच दिसलं असणार. तिचा चेहरा मी पाहिला. मी जन्मात कोणाचा चेहरा इतका उजळलेला पाहिला नाही, माझ्या लग्नात नाही, मुलाच्या बारशात नाही. तिनं थैली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एक हात मोकळा केला. मग बाबा जवळ आले आणि तिनं त्यांना ओळखलं.

पुढचं मला सगळं पाठ होतं. बाबांनी काही न बोलता तिच्या हातातली थैली घेतली. दिनेशची आई दारात आली, डोक्यावर पदर घेऊन, वाईट नव्हती बिचारी. हात जोडून म्हणाली, लइका घर म नइ हे. पोरगा घरी नाही. त्याची सायकल भिंतीला लावलेली होती आणि आतल्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. बाबांनीही हात जोडले. आम्ही तिघं गल्लीतून निघालो, बाबा थैली घेऊन पुढं, त्यांच्या मागं ती, शेवटी मी. त्या कादंबरीत जे छापलं होतं तेच शब्दाशब्दानं माझ्यासमोर चाललं होतं, आणि ते छापलेलं आहे हे त्या सगळ्या गावात फक्त मला माहीत होतं.

घरी आल्यावर आईनं तिला जवळ घेतलं, भात भरवला, आणि मग ट्रंकेतून ते गुलाबी पुस्तक काढून न्हाणीच्या बंबात घातलं. असली पुस्तकं पोरींना खोटं शिकवतात, ती रडत रडत म्हणत होती, यानंच वाटोळं केलं. मी बंबाजवळ उभी होते. त्या पुस्तकानं बिचाऱ्यानं खरंच सांगितलं होतं. अंगणात एकदा, गाडीत एकदा, खरं सांगायला तोंड उघडायची ती तिसरी वेळ होती, आणि मी आईला आणखी दोन काटक्या आणून दिल्या.

हिंगणघाटचं स्थळ अर्थातच मोडलं. कुंदाताईनं परीक्षा दिली आणि बस्तरकडे मुलींच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून निघून गेली. लग्न केलं नाही. आता धमतरीला राहते, जुन्या विद्यार्थिनी येऊन-जाऊन असतात, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. दर दिवाळीला माझ्याकडे येते. अभनपूरचं नाव तिनं कधी काढलं नाही, मीही नाही. पण मी सुखात राहिले असं कोणी समजू नये. टेलिफोनच्या खात्यात नोकरी करताना कानाला यंत्र लावून बसलं की लाईनच्या खरखरीतून मला माझाच सोळा वर्षांचा आवाज ऐकू यायचा, तभी सीढ़ियों पर. स्टेशनवर बाकावर एकटी बाई दिसली की मी डबा बदलते. आणि कोणी माझ्यामागून पळत आलं, दूधवाला असो की नात, तरी मी वळून बघत नाही. मला वाटतं, वळले तर तो चेहरा असेल.

गेल्या महिन्यात तिच्या चांगल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. समता कॉलोनीत माझ्या घराजवळच दवाखाना आहे, म्हणून माझ्याकडेच राहिली. आताशा पट्टीबिट्टी काही नाही, दुसऱ्या दिवशी काळा चष्मा देऊन घरी पाठवतात. थेंब मात्र दिवसातून चारदा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिची हनुवटी धरून थेंब टाकला आणि ती डोळे मिटून चेहरा माझ्याकडे तसाच वर धरून बसली. बावन्न वर्षांनी तो चेहरा तसाच माझ्यासमोर होता, बघत नसलेला आणि ऐकत असलेला. मला राहवलं नाही.

‘ताई,’ मी म्हटलं, ‘आलोक आला नव्हता.’

तिनं डोळे उघडले नाहीत. थेंब जिरेपर्यंत मिटूनच ठेवायचे असतात. ‘माहीत आहे मले,’ ती म्हणाली.

तिनं शांतपणे सांगितलं. ते पुस्तक दिनेशनंच तिला उन्हाळ्यात दिलं होतं. तिचं ते माझ्या आधी दोनदा वाचून झालं होतं, शेवट पाठ होता. मग मला वाचायला काहून लावलं, असं मी विचारलं. तर म्हणाली, तू त्या पिंपापासून हलतच नव्हती. जेवत नव्हती. काहीतरी काम द्यायला पाहिजे होतं तुले. मी खाटेची कड धरून बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तिच्यासाठी वाचत होते.

‘मग शेवट माहीत होता तर तू गेली काहून?’ माझा आवाज चढला. ‘ताई, माहीत होतं तर काहून गेली?’

‘तू बदललं म्हणून गेली,’ ती म्हणाली. ‘पुस्तकावर कोण जाते? तुले तर असल्या गोष्टींचा वीट होता. मी पडल्या-पडल्या म्हटलं, बेबीसारख्या पोट्टीलेही वाटून राहिलं की तो यायला पाहिजे. म्हणजे येत असन. तरी जायच्या आधी तुले विचारलं मी. तू म्हटली, आला होता.’

खाली भाजीवाला ओरडत होता. सून दारात येऊन चहा टाकू का विचारून गेली, मी तिला हातानंच हो म्हटलं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं, रागानं, तिनंच माझं काही केल्यासारखं. ‘मग इतकी वर्षं बोलली काहून नाही?’

तिनं कापसाच्या बोळ्यानं डोळ्याची कड टिपली, चष्मा चाचपून शोधला आणि लावला.

‘तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिली होती,’ ती म्हणाली. ‘दिनेशची तर एकच दिवस पाहिली.’